युरोपीय संघाचे नागरिकत्व नेमके कोठे मिळते?

बडोद्यातील मराठी कुटुंबांत शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी युरोपात गेलेले कोणी ना कोणी आता असतेच, आणि त्यामुळे लग्नाच्या पंगतीत किंवा दिवाळीच्या फराळाला "तिकडच्या नागरिकत्वाचा" विषयही निघतो. त्या गप्पांत एक वाक्य हमखास कानावर येते: "पाच वर्षे राहिला की युरोपचे नागरिकत्व मिळते." हे वाक्य चुकीचे आहे. युरोपीय संघाचे नागरिकत्व देणारे कार्यालय ब्रसेल्समध्ये नाही, स्ट्रासबुर्गमध्ये नाही आणि इतरत्रही कोठे नाही. त्यासाठी अर्जाचा नमुना नाही, शुल्क नाही, शपथविधीही नाही. संघातील २७ देशांपैकी एखाद्या देशाचे नागरिकत्व ज्याच्याकडे आहे, तो आपोआप संघाचाही नागरिक असतो, आणि त्या देशाचे नागरिकत्व गेले की संघाचेही जाते.

गाड्याबरोबर नळ्याची यात्रा म्हणतात, तशी ही व्यवस्था आहे आणि ती जाणूनबुजून तशी ठेवलेली आहे. नेदरलँड्समधील मास्ट्रिख्ट शहरात ७ फेब्रुवारी १९९२ रोजी ज्या करारावर सह्या झाल्या, त्यात संघाचे नागरिकत्व पहिल्यांदा कायद्याच्या भाषेत आले. तो करार लागू झाला १ नोव्हेंबर १९९३ रोजी. मधल्या काळात बरेच रामायण घडले, कारण जून १९९२ मधील सार्वमतात डेन्मार्कच्या मतदारांनी तो निसटत्या बहुमताने फेटाळला. त्यांच्या अनेक आक्षेपांपैकी एक असा होता की, आपले डॅनिश नागरिकत्व हळूहळू पुसले जाऊन त्याजागी युरोपीय शिक्का बसेल. डिसेंबरमध्ये एडिंबरो येथे तडजोड झाली, संघाचे नागरिकत्व राष्ट्रीय नागरिकत्वाची जागा घेणार नाही असे लेखी मिळाले, आणि मे १९९३ मध्ये त्याच मतदारांनी होकार दिला. आज हीच हमी संघाच्या कार्यविषयक कराराच्या विसाव्या कलमात आहे: संघाचे नागरिकत्व हे राष्ट्रीय नागरिकत्वात भर घालणारे आहे, त्याच्या बदल्यात मिळणारे नव्हे.

आइंडहोवेनमधील दोन शेजारी

कायद्याची भाषा अंगावर येते, म्हणून एक कल्पित उदाहरण घेऊ. नेदरलँड्समधील आइंडहोवेन शहरातल्या एका कंपनीत दोन तरुण शेजारशेजारच्या टेबलांवर काम करतात. एक बडोद्याच्या दांडिया बाजारातला मराठी मुलगा, भारतीय पासपोर्ट असलेला. दुसरा दमणचा गुजराती मुलगा, ज्याचे आजोबा दमण पोर्तुगिजांकडे असताना, म्हणजे डिसेंबर १९६१ च्या आधी, तेथे जन्मले. पोर्तुगालच्या कायद्यानुसार त्या काळात गोवा, दमण व दीव येथे जन्मलेल्यांना आणि त्यांच्या वंशजांना काही अटींवर पोर्तुगीज नागरिकत्वाचा दावा करता येतो, आणि या मुलाच्या घराण्याने तो केला. त्याने लिस्बन पाहिलेले नाही आणि त्याला पोर्तुगीज भाषेतली चार वाक्ये जेमतेम येतात, परंतु कायद्याच्या लेखी तो पोर्तुगीज आहे आणि म्हणून युरोपीय नागरिकही आहे.

दोघांच्या पगारात फरक नसेल, पण कागदांत मोठा फरक आहे. बडोद्याच्या मुलाचा निवास परवाना त्याच्या नोकरीला बांधलेला आहे. मालकाची कंपनी सरकारने मान्य केलेली पुरस्कर्ती, म्हणजे परदेशी कर्मचारी आणण्याची परवानगी असलेली, असावी लागते, पगार ठरावीक मर्यादेच्या वर असावा लागतो आणि नोकरी गेली तर नवी शोधायला थोडकेच महिने मिळतात. दमणच्या मुलाला परवान्याची गरजच नाही. तो नगरपालिकेत नाव नोंदवतो आणि राहतो. उद्या त्याला बर्लिन आवडले तर तो सामान उचलून बर्लिनला जाऊ शकतो, तर बडोद्याच्या मुलाला जर्मनीत नव्याने परवाना काढावा लागेल. नगरपालिकेच्या निवडणुकीत दमणचा मुलगा लगेच मत देऊ शकतो. नेदरलँड्सने इतर परदेशी रहिवाशांनाही पाच वर्षांच्या वैध वास्तव्यानंतर नगरपालिकेपुरते मत दिले आहे, त्यामुळे तेथे बडोद्याचा मुलगा उशिरा का होईना त्याच्या बरोबरीला येतो, परंतु भारतीय पासपोर्ट असेपर्यंत युरोपीय संसदेसाठी तो मत देऊ शकत नाही. आणि नेदरलँड्सच्या राष्ट्रीय संसदेसाठी मात्र दोघांपैकी कोणालाही मत नाही. संघाच्या नागरिकत्वाची खरी मर्यादा येथे उघडी पडते: ज्या देशात तुम्ही कर भरता, मुलांना शाळेत घालता, त्या देशाचे सरकार निवडण्याचा अधिकार हे नागरिकत्व देत नाही.

पाच वर्षांचा आकडा गप्पांत कोठून आला, हेही येथेच सांगून टाकतो. पाच वर्षांनंतर बडोद्याच्या मुलाला अटी पूर्ण केल्यास दीर्घकालीन रहिवाशाचा दर्जा मिळू शकतो, किंवा तो डच नागरिकत्वासाठी अर्ज करू शकतो. पहिला मार्ग निवडला तर त्याचा भारतीय पासपोर्ट शाबूत राहतो. दुसरा निवडला तर नागरिकत्व मिळेल ते नेदरलँड्सचे. युरोपचे त्याच्या मागून येईल. आपल्या १९५५ च्या नागरिकत्व कायद्याप्रमाणे स्वेच्छेने परदेशी नागरिकत्व घेतल्याक्षणी भारतीय नागरिकत्व संपते, हे दमणच्या मुलालाही तेवढेच लागू आहे. पुढे परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांसाठीचे ओसीआय कार्ड मिळते, पण त्याला लोक "दुहेरी नागरिकत्व" म्हणत असले तरी ते तसे नाही: त्यावर मतदान करता येत नाही आणि शेतजमीनही विकत घेता येत नाही.

दमणच्या मुलाचे हक्कही अमर्याद आहेत असे नाही. संघाने सदस्य देशांना २००४ मध्ये घातलेल्या निर्देशानुसार कोणताही युरोपीय नागरिक दुसऱ्या सदस्य देशात तीन महिने विनाअट राहू शकतो. त्यानंतर त्याच्याकडे नोकरी किंवा व्यवसाय असावा, अथवा स्वतःचा खर्च भागेल इतका पैसा आणि आरोग्यविमा तरी असावा. लाइपझिगमध्ये राहणाऱ्या, काम न शोधणाऱ्या एका रुमानियन महिलेला जर्मनीने सामाजिक भत्ता नाकारला, तेव्हा संघाच्या न्यायालयाने २०१४ मध्ये जर्मनीच्या बाजूने निकाल दिला. मुक्त संचाराचे खूप गोडवे गायले जातात, पण तो हक्क मुळात कामकरी माणसासाठी घडला आणि गरिबाच्या वाट्याला तो अजूनही तोकडाच येतो, असे माझे मत आहे.

बाकीच्या हक्कांबद्दल थोडक्यात सांगता येईल. ज्या परक्या देशात आपली वकिलात नाही तेथे दुसऱ्या कोणत्याही सदस्य देशाच्या वकिलातीकडून मदत मागता येते. युरोपीय संसदेकडे आणि संघाच्या लोकपालाकडे तक्रार नेता येते. किमान सात देशांतून मिळून दहा लाख सह्या जमवल्या तर युरोपीय आयोगाला एखाद्या विषयावर कायदा मांडण्याची विनंती करता येते. आयोगाने ती मान्य केलीच पाहिजे असे मात्र नाही.

आपल्याकडे एकच, तिकडे दोन मजली

बडोद्याच्या वाचकाला हे वेगळेपण समजायला घरचाच इतिहास उपयोगी पडतो. स्वातंत्र्यापूर्वी या शहरातला माणूस गायकवाड सरकारचा प्रजाजन होता. तो ब्रिटिश प्रजाजन नव्हता, आणि परदेशी गेलाच तर ब्रिटिश कायद्याच्या लेखी तो "ब्रिटिश संरक्षित व्यक्ती" ठरत असे. १ मे १९४९ रोजी बडोदा संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि बरोबर अकरा वर्षांनी, १ मे १९६० रोजी, बडोदा गुजरातमध्ये आले. रावपुऱ्यातल्या एखाद्या आजोबांनी वाडा न बदलता संस्थान, मुंबई राज्य आणि गुजरात अशा तिन्ही राजवटी पाहिल्या. संविधानाने मात्र संस्थानी आणि खालसा मुलखातल्या सर्वांना एकच भारतीय नागरिकत्व दिले. राज्यांना स्वतःचे वेगळे नागरिक नाहीत. कलम १९ प्रमाणे भारतीय नागरिक देशात कोठेही जाऊ आणि राहू शकतो, आणि बडोद्याचा मुलगा पुण्यात स्थायिक झाला की मतदारयादीत नाव घालून विधानसभेसाठी मत देतो, हवे तर उभाही राहतो.

प्रवेशाच्या आणि नोकरीच्या वेळी "डोमिसाइल" दाखल्यासाठी धावपळ करणाऱ्या पालकांना हे वाचून हसू येईल, कारण राज्यांनी रहिवासाच्या नावाने आडवळणाने भिंती उभ्या केल्या आहेतच. पण त्या भिंतींची न्यायालयीन झाडाझडती सतत चालू असते. वैद्यकीय पदव्युत्तर प्रवेशांत रहिवासावर आधारित राखीव जागा सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये घटनाबाह्य ठरवल्या, तेव्हा भारतात अधिवास एकच, तो भारताचा, हा विचार त्या निकालाच्या मुळाशी होता.

युरोपात सारे उलटे आहे. तेथे तळमजला राष्ट्राचा, पक्का बांधलेला; वरचा मजला संघाचा, नंतर चढवलेला. दरवाजाची किल्ली राष्ट्राकडे आहे आणि कोणाला आत घ्यायचे हे प्रत्येक राष्ट्र आपल्या कायद्याने ठरवते. मेख अशी की, एका राष्ट्राने आत घेतलेला माणूस उरलेल्या २६ राष्ट्रांना मुकाट्याने स्वीकारावा लागतो. १९९२ मधील मिकेलेत्ती खटला याच मुद्द्याचा आहे. अर्जेंटिनात जन्मलेला हा दंतवैद्य इटलीचाही नागरिक होता. त्याला स्पेनमध्ये दवाखाना थाटायचा होता. स्पेनच्या अधिकाऱ्यांचे म्हणणे असे की, हा आजवर राहिला अर्जेंटिनात, तेव्हा आम्ही त्याला अर्जेंटिनाचाच धरू. न्यायालयाने सांगितले की, इटली ज्याला आपला म्हणते त्याच्या इटालियनपणाची फेरतपासणी स्पेनने करायची नाही. दमणच्या मुलाने लिस्बन पाहिले आहे का, असे आइंडहोवेनच्या खिडकीवर कोणी विचारू शकत नाही, ते यामुळे.

पुढे न्यायालयाने या किल्लीवरही थोडा हात ठेवला. ऑस्ट्रियातल्या फसवणुकीच्या चौकशीची माहिती लपवून एक गृहस्थ जर्मन नागरिक झाला आणि त्यामुळे त्याचे ऑस्ट्रियन नागरिकत्व संपले. जर्मनीने लबाडी उघड झाल्यावर आपलेही काढून घेतले, आणि तो कोणाचाच नागरिक राहण्याची वेळ आली. २०१० च्या रॉटमन निकालात न्यायालय म्हणाले की, नागरिकत्व काढण्याचा अधिकार राष्ट्राचा खरा, पण त्याबरोबर युरोपीय नागरिकत्वही जाणार असल्याने परिणाम कृत्याच्या मानाने जास्त कठोर नाहीत ना, हे तपासावेच लागेल. एप्रिल २०२५ मध्ये माल्टाच्या खटल्यात न्यायालयाने दुसरे टोक गाठले: ठरावीक रकमेच्या गुंतवणुकीच्या बदल्यात, देशाशी खरा संबंध नसतानाही नागरिकत्व देण्याची माल्टाची योजना संघाच्या कायद्याविरुद्ध ठरली.

ब्रिटनच्या बाबतीत मात्र न्यायालयाने हात टेकले. ३१ जानेवारी २०२० रोजी ब्रिटन संघाबाहेर पडले आणि कोट्यवधी ब्रिटिश लोकांचे युरोपीय नागरिकत्व एका दिवसात संपले. फ्रान्समध्ये अनेक वर्षे राहिलेल्या एका ब्रिटिश महिलेचे नाव तेथील स्थानिक मतदारयादीतून काढले गेले, ती न्यायालयात गेली, आणि २०२२ मध्ये तिला उत्तर मिळाले की राष्ट्र संघात नाही तर त्याचा नागरिकही संघाचा नागरिक नाही. लेस्टरमध्ये पोर्तुगीज पासपोर्टवर स्थायिक झालेल्या दमण-दीवच्या कुटुंबांना हा बदल उलट्या बाजूने जाणवला. जे आधीपासून तेथे राहत होते त्यांना तेथे राहण्याचा दर्जा मागता आला, पण २०२१ पासून त्याच पासपोर्टवर नव्याने ब्रिटनला जाऊन राहण्याची सोय बंद झाली.

आपलेपणा कायद्याने येतो का?

संघाने आपलेपणा निर्माण करण्यासाठी खटपट पुष्कळ केली. निळ्या पार्श्वभूमीवर बारा ताऱ्यांचा ध्वज घेतला, बीथोव्हेनची धून राष्ट्रगीतासारखी वापरली. युरोच्या पहिल्या नोटांवर पुलांची चित्रे छापताना तर इतकी सावधगिरी बाळगली की त्यातला एकही पूल खरा नव्हता, कारण खरा घेतला असता तर तो कोणत्या तरी एका देशाचा झाला असता. मला हे उदाहरण बोलके वाटते: सर्वांचे व्हावे म्हणून कोणाचेच न ठेवणे. त्यामानाने १९८७ मध्ये सुरू झालेली एरास्मस योजना, जिच्यामुळे विद्यार्थी एक-दोन सत्रे दुसऱ्या देशाच्या विद्यापीठात शिकतात, अधिक कामाची ठरली आहे. चोवीस अधिकृत भाषांच्या संघात परक्या गावी भाड्याची खोली शोधताना जो आपलेपणा येतो, तो ध्वजाने येत नाही.

बडोद्याचा मराठी माणूस या प्रश्नाकडे जरा वेगळ्या नजरेने पाहू शकतो. अठराव्या शतकापासून येथे असलेली घराणी घरात मराठी बोलतात, खंडेराव मार्केटमध्ये भाजी गुजरातीत घेतात, दांडिया बाजारात गणपती बसवतात आणि नवरात्रात गरबा खेळतात. त्यांना बडोदेकर म्हणा, गुजरातचे म्हणा, मराठी म्हणा. एकाने दुसऱ्याला धक्का लागत नाही. तो लागत नाही याचे एक कारण असे की, यापैकी कोणत्याही ओळखीवर त्यांचे मत किंवा घर अवलंबून नाही. ते सारे भारतीय नागरिकत्वावर अवलंबून आहे. युरोपात माणसाचे हक्क अजून राष्ट्राच्या ओळखीला चिकटलेले आहेत, म्हणून तेथे "तू आधी जर्मन की आधी युरोपीय" हा प्रश्न इतका टोचतो.

मानवी हक्क: दोन शहरे, दोन न्यायालये

येथे सर्वांत जास्त गोंधळ होतो, आणि वर्तमानपत्रेही त्यात भर घालतात. लक्झेंबर्गमध्ये युरोपीय संघाचे न्यायालय आहे. वर सांगितलेले सर्व युरोपीय खटले तेथले. स्ट्रासबुर्गमध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालय आहे आणि ते संघाचे नाहीच. ते कौन्सिल ऑफ युरोप या १९४९ मध्ये स्थापन झालेल्या वेगळ्या संघटनेचे आहे. तिचे ४६ सदस्य आहेत, त्यांत तुर्कस्तान आहे, संघातून गेलेले ब्रिटन आहे. रशियाला युक्रेनवरील आक्रमणानंतर मार्च २०२२ मध्ये काढण्यात आले. हे न्यायालय ४ नोव्हेंबर १९५० रोजी रोममध्ये सही झालेल्या मानवी हक्क कराराचा अर्थ लावते, आणि त्या कराराचे पहिलेच कलम सांगते की सदस्य देशाच्या अधिकारक्षेत्रातील प्रत्येकाला हे हक्क आहेत. प्रत्येकाला, म्हणजे नागरिक नसलेल्यालाही. आपल्या संविधानातही ही वाटणी आहे: कलम १९ नागरिकांना लागू, तर समानतेचे कलम १४ आणि जीविताचे कलम २१ प्रत्येक व्यक्तीला. बडोद्याच्या मुलाला आइंडहोवेनमध्ये युरोपीय नागरिकत्व नसले तरी त्याला बेकायदा कोंडून ठेवले, तर देशातील न्यायालयांचे सर्व मार्ग संपल्यावर चार महिन्यांच्या आत तो स्ट्रासबुर्गला दाद मागू शकतो.

आणि नागरिकत्व असूनही काय होते, याचे उदाहरण चेक प्रजासत्ताकातील ओस्त्रावा शहराचे आहे. तेथील रोमा या अल्पसंख्य समाजाची मुले जन्माने त्याच देशाची. पण मतिमंद मुलांसाठी असलेल्या विशेष शाळांत त्यांची भरती इतर मुलांच्या कैकपटीने होत होती. अठरा मुलांच्या वतीने तक्रार गेली आणि नोव्हेंबर २००७ मध्ये स्ट्रासबुर्गच्या मोठ्या पीठाने हा भेदभाव असल्याचे ठरवले. कोणत्याही एका अधिकाऱ्याचा हेतू सिद्ध करण्याची गरज नव्हती, आकडेवारीतून दिसणारा परिणाम पुरेसा मानला गेला.

बडोद्याला हा धडा परका नाही. गायकवाड सरकारच्या शिष्यवृत्तीवर परदेशात शिकून डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१७ मध्ये त्याच सरकारच्या नोकरीत रुजू होण्यासाठी येथे आले. दरबाराची नेमणूक हाती होती, पण शहरात राहायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेतून लाठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले, आणि मुंबईची गाडी येईपर्यंतचा वेळ त्यांनी कामाठीबागेत काढला. राज्याने दिलेला दर्जा त्यांच्यापाशी होता, आणि धर्मशाळेच्या दारात तो कोणी विचारला नाही.

संघानेही आपली मूलभूत हक्कांची सनद केली आहे. ती २००० मध्ये नीस येथे जाहीर झाली आणि १ डिसेंबर २००९ पासून बंधनकारक आहे. तिच्यातही मतदानासारखे मोजके हक्क नागरिकांचे आणि बहुतेक हक्क प्रत्येकाचे. पण सदस्य देशांना ती फक्त संघाचा कायदा राबवताना लागू होते, हे विसरून लोक प्रत्येक तक्रारीत तिचा हवाला देतात. नागरिकत्व आणि मानवी हक्क एकमेकांना सर्वांत जवळून भेटले ते बहुधा २०११ च्या झांब्रानो खटल्यात. बेल्जियममध्ये राहणाऱ्या कोलंबियन जोडप्याची धाकटी दोन मुले जन्माने बेल्जियन होती, आई-वडिलांकडे मात्र परवाना नव्हता. न्यायालयाने म्हटले की, पालकांना घालवले तर मुलांनाही संघ सोडावा लागेल आणि त्यांच्या नागरिकत्वात काही उरणार नाही. म्हणून पालकांना राहू दिले पाहिजे आणि काम करू दिले पाहिजे.

संघाने स्वतः १९५० च्या मानवी हक्क करारात सामील व्हावे, असे संघाच्या लिस्बन करारातच लिहिले आहे. लक्झेंबर्गच्या न्यायालयाने २०१४ मध्ये त्याचा मसुदा नाकारला, मार्च २०२३ मध्ये नव्या मसुद्यावर वाटाघाटी करणाऱ्यांचे एकमत झाले, पण संघ त्या करारात अजून आलेला नाही. त्यामुळे आज नेदरलँड्सने हक्क मोडला तर दमणचा मुलगा आणि बडोद्याचा मुलगा दोघेही स्ट्रासबुर्गला जाऊ शकतात, आणि संघाच्या एखाद्या संस्थेने मोडला तर त्या संस्थेविरुद्ध दोघांपैकी एकालाही तेथे थेट जाता येत नाही.